ढब्बूनं ऐकलेलं

हेडफोनमध्ये लागोपाठ तीनदा ठप असा आवाज झाला आणि चहाच्या कपाकडे निघालेला त्याचा हात वाटेतच थांबला. आवाज ओळखीचा होता. चालू माइकची वायर भिंतीवरच्या खोक्यातून उपटली की असाच आवाज येतो, कानात कोणी एकच टिचकी मारून निघून जावं तसा. पाय अडकून वायर निघाली असती तर आधी फरफटल्याची खरखर आली असती. हे तीन ठप स्वच्छ होते, एकाच हाताचे होते. झोपायच्या आधी माणूस घरातले दिवे एकेक करून मालवतो, तितक्या सवडीनं झालेले. पलीकडच्या खोलीत या घटकेला दोनच माणसं होती. ड्रम वाजवणारा त्याचा मेव्हणा, आणि मेव्हण्याची बहीण, म्हणजे त्याची बायको. बायकोला वायरींतलं ओ की ठो कळत नव्हतं. म्हणजे मेव्हण्यानं उपटल्या. म्हणजे ती दोघं आता जे बोलणार होती ते भिंतीच्या अलीकडे येऊ नये, असं मेव्हण्याला वाटत होतं. इथवर सगळं भूमितीतल्या सिद्धतेसारखं सरळ होतं. फक्त चौथा माइक अजून चालू होता.

सकाळपासून तो एकच काम करत होता, बास ड्रमसाठी माइक ठरवायचं. लोकांना हे काम म्हणजे थट्टा वाटते. सासरे एकदा जेवताना म्हणाले होते, "पायानं बडवायचा तो ढोल, कुठला का माइक लावा, ढुम्मच म्हणणार ना तो, जावईबापू?" सगळे हसले होते, आणि तोही हसला होता. पण ढुम्म हा एक आवाज नसतो. त्यात आधी पायडलवरच्या दांडीचं, बीटरचं, बोंडूक चामड्यावर आपटल्याचा बारीकसा ट असतो, तो इतका झटकन येऊन जातो की कानाला तो वेगळा कळतसुद्धा नाही. मग चामडं आत जातं आणि ड्रमच्या पोटातली हवा ढकलली जाते, तो ढु. आणि शेवटी ती हवा खोलीभर पसरून भिंतींना टेकून परत येते, तो म्म. यातलं काय ठेवायचं आणि काय टाकायचं हे माइक ठरवतो. मेव्हण्याच्या गाण्याच्या सुरुवातीला बराच वेळ नुसता बास ड्रमच वाजणार होता, दुसरं काही नाही. त्याला तो कसा हवा हे मेव्हण्यानं एका वाक्यात सांगितलं होतं. "दाजी, ऐकणाऱ्यानं दाराकडे बघितलं पाहिजे. कोण आलं म्हणून."

म्हणून त्यानं आज चार माइक लावले होते. ड्रमच्या पोटात एक जाडजूड अंडाकृती माइक, त्याला सगळे अंडंच म्हणायचे. अंडं ट फार सुरेख द्यायचं, पण ढु आखडता. त्याच्या शेजारी उशीवर आडवी ठेवलेली चपटी पाटी. बाहेर, पुढच्या चामड्यापासून हातभर अंतरावर, एक लांब नळकांडं, ते खोली बरी द्यायचं. आणि त्याच्याही पुढे ढब्बू. ढब्बू मुळात माइक नव्हताच. एका मोडीत निघालेल्या स्पीकरचा तो ताटाएवढा काळा कोन होता, कागदाचा आणि जड. त्यानं तो लोखंडी कड्यात बसवून स्टँडवर उभा केला होता. स्पीकर उलटा जोडला की ऐकू लागतो. विजेनं कोन हलतो आणि हवा हलवतो, तसंच हवेनं कोन हलला की वीज तयार होते. निसर्गाला तोंड आणि कान यांत फरक करायची गरज वाटलेली नाही. फक्त एवढा जड कोन भरभर हलू शकत नाही. ट त्याला कळतच नाही, स, क, च, त त्याच्या गावीही नसतात. त्याला ऐकू येतो तो म्म. बाकीच्या तिघांना न दिसणारा ड्रमचा तळ त्या कोनाला बरोबर सापडायचा. पण मेव्हण्याला त्यानं हे मुद्दामच सांगितलं नव्हतं. मनात पूर्वग्रह नको. वाजवून झालं की त्याला या खोलीत बसवायचं, एक, दोन, तीन, चार असे नुसते आकडे सांगून ऐकवायचं आणि विचारायचं, दाराकडे कुठल्याला बघितलंस? मेव्हण्यानं ढब्बूकडे एकदा बघितलं होतं आणि स्वतःचं वाजवणं ऐकायला ठेवलेला स्पीकर समजून सोडून दिलं होतं. ढब्बूची वायर भिंतीवरच्या खोक्यात नव्हती. ती त्यानं दाराच्या फटीतून थेट इकडे आणली होती. मेव्हणा सावध माणूस. गाणाऱ्या-वाजवणाऱ्यांच्या निम्म्या मैत्र्या चालू राहिलेल्या माइकनी मोडलेल्या त्यानं पाहिल्या होत्या. म्हणून त्यानं आठवणीनं तिन्ही कान बंद केले. चौथ्याला तो तोंड समजला.

बायको आली होती ती बीटर द्यायला. मेव्हणा चार दिवस त्यांच्याकडेच उतरला होता आणि निघताना बीटर घरी विसरून आला होता. "डोकं धडावर आहे याचंच मला नेहमी आश्चर्य वाटतं," दारातून डोकावून ती त्याला म्हणाली होती, भावाबद्दल. "देऊन येते." त्यानं अंगठा वर केला होता. तेव्हा तिच्या चेहऱ्यावर काही नव्हतं. की होतं? त्याला आठवेना. चेहरे त्याच्या कधीच लक्षात राहत नसत, आवाज राहत. 'देऊन येते' मधला ये किंचित लांबला होता. या जागेत पूर्वी एक्स-रे काढायचे. भिंती जाड होत्या, मधे काच नव्हती, दार ढकलायला खांदा लावावा लागे, आणि रंगाच्या दोन हातांखालून अजूनही 'श्वास रोखून धरा' ही अक्षरं ओझरती दिसत. तो आता त्या अक्षरांखाली बसला होता, आणि त्याच्या कानांवर पलीकडची खोली होती, जशी ती ढब्बूला कळत होती तशी.

आधी नुसतं एसीचं घुमणं. मग मेव्हण्याचा आवाज. शब्द नव्हते. शब्द कुठेतरी वरच राहिले होते, पाण्यावरच्या पानांसारखे, आणि त्यांच्या खालचं जड पाणी तेवढं इकडे येत होतं. हूं हूंऽ हूं. मग तिचा आवाज, तो तिचा वाटत नव्हता. तिच्या आवाजाला एक धार असते, खडूसारखी, ती ढब्बूनं पुसून टाकली होती. उरला होता तो कुठल्याही बाईचा आवाज, उशीत तोंड खुपसून बोलणाऱ्या. तिचं बोलणं तुटक होतं, दोन दोन ठोक्यांचं, खाली पडणारं. मेव्हण्याचं लांब. मेव्हणा काहीतरी पटवत होता. पटवणाऱ्या माणसाच्या आवाजाला उतार नसतो, तो सपाटीवरून चालतो आणि टोकाशी येऊन वर बघतो. आणि दर थोड्या वेळानं मेव्हणा एकच गोष्ट परत परत म्हणत होता. तीन ठोके. पहिला लांब, ओढलेला, मग दोन पाठोपाठ. हूंऽ हू हू. थोडा वेळ दुसरं काही, आणि पुन्हा हूंऽ हू हू. त्यानं हेडफोन दोन्ही हातांनी कानांवर दाबले. ऐकू नये हे त्याला कळत होतं. आवाज कमी करायचा फेडर खाली ओढायला एक बोट पुरलं असतं. पण हे ऐकणं होतं का? ऐकणं म्हणजे शब्द. शब्द नसलेलं ऐकणं म्हणजे भिंतीला टेकून उभं राहण्यासारखंच, आणि भिंतीला टेकायला माणसाला कोण बंदी करतं?

भिंत लहानपणापासून त्याच्या ओळखीची होती. रविवारी दुपारी जेवणं झाली की त्याला आणि धाकट्या भावाला सक्तीनं झोपवायचे, आणि भिंतीपलीकडे आईबाबा बोलायचे. धाकटा दोन मिनिटांत घोरायचा. तो मात्र पाठ भिंतीला लावून पडून राहायचा. पुढे कॉलेजात शिकवलं गेलं की भिंत वरचे स्वर अडवते आणि खालचे सोडते, कारण खालच्या लाटा लांब असतात. तेव्हा सगळा वर्ग लिहून घेत होता आणि तो हसला होता. सरांनी विचारलं, "काय गंमत?" तो म्हणाला, "काही नाही सर, माहीत होतं." एका रविवारी भिंतीतून बाबांचं लांब बोलणं आलं, सपाटीवरून चालणारं, आणि आईचे तुटक दोन दोन ठोके. त्यात त्याचं घरगुती नाव दोनदा आलं. नावाला स्वतःचा एक ठेका असतो, कुत्र्यालाही कळतो. त्यातून त्याला कळलं की आपल्याला काकांकडे ठेवणार आहेत. काका त्या आठवड्यात येऊन गेले होते, त्यांना मूलबाळ नव्हतं, त्यांच्या गावची शाळा चांगली होती, आणि बाबांच्या नोकरीचं काही खरं नव्हतं. एवढ्या सामग्रीवर कोणालाही कळलं असतं. संध्याकाळी बाबा सांगायला आले तेव्हा तो बॅग भरून बसला होता. चड्ड्या, दोन शर्ट, कंपासपेटी. बाबा दारातच उभे राहिले. मग म्हणाले, "शहाणा आहे पोरगा." काकाही म्हणाले, समजूतदार आहे हो, डोळ्यांत पाणी नाही. पुढे कितीतरी वर्षांनी, तो नोकरीला लागल्यावर, आई भाजी निवडता निवडता मधेच म्हणाली, "तू विचारायला हवं होतंस रे तेव्हा." तो म्हणाला, "काय विचारायचं? ऐकू येत होतं की." आईनं त्याच्याकडे बघितलं आणि पुन्हा भाजीत डोकं घातलं. तिला काय म्हणायचं होतं ते त्याला कळलं नाही, आणि त्यानं विचारलंही नाही.

विचारणं त्याला जमत नसे. विचारलं की माणसं उत्तर तयार करतात, आणि तयार केलेल्या उत्तरावर काय भरवसा ठेवायचा? न विचारता जे येतं ते खरं. लग्नाच्या सुरुवातीला बायकोला याचं कौतुक होतं. ती कामावरून येऊन "आले रे" म्हणायची आणि तो आतूनच म्हणायचा, "डोकं दुखतंय ना? गोळी टेबलावर आहे." मैत्रिणींना सांगायची, माझ्या नवऱ्याला माझं एका अक्षरात कळतं. तिचा धंदा नेमका उलटा होता. ती डोळ्यांचे नंबर काढायची. दिवसभर अंधाऱ्या खोलीत समोरच्याच्या डोळ्यापुढे भिंगं बदलत विचारायची, हे बरं की हे? आता? आणि आता? तिला विचारल्याशिवाय काही कळत नसे, आणि ते कबूल करायला तिला लाज वाटत नसे. हल्ली कौतुक आटलं होतं. परवा ती म्हणाली होती, "तू मला विचारत नाहीस, तू मला ओळखतोस. चोराला ओळखतात तसं." त्यानं गंमत म्हणून घेतलं. आवाज गमतीचा नव्हता, तेही त्यानं टिपून ठेवलं, आणि टिपल्यावर आपलं काम झालं असं त्याला वाटलं.

ही सगळी टिपणं आता एका ओळीत येऊन उभी राहत होती. मेव्हण्याच्या शहरातल्या डोळ्यांच्या मोठ्या दवाखान्यानं तिला बोलावलं होतं. हे त्याला माहीत होतं, कारण फोनवर "हो डॉक्टर" म्हणताना तिचा आवाज मुलाखतीच्या उंचीवर गेला होता. तिनं सांगितलं नव्हतं. त्यानं विचारलं नव्हतं. फोन आला की ती हल्ली गॅलरीत जायची आणि दार ओढून घ्यायची. आणि गेल्या आठवड्यात टिकली, त्यांची पहिलीतली मुलगी, त्याच्या पाठीवर लोंबकळत म्हणाली होती, "बाबा, मामाच्या वरच्या खोलीत माझं कपाट मावेल?"

"मावेल," तो म्हणाला होता.

"आणि तुझे स्पीकर?"

"ते नाही मावायचे."

एवढंच. टिकली उतरून खेळायला गेली. त्या रात्री तो नेहमीसारखा झोपला. आपल्याला कळलेलं आहे हेच पुरेसं पांघरूण होतं.

हूंऽ हू हू. आता मेव्हण्याचा आवाज जवळ आला होता, तो ड्रमच्या स्टुलावर बसला असावा. आणि त्या तीन ठोक्यांत एकाएकी शब्द बसले. बसले म्हणजे, कुलपात किल्ली बसावी तसे. सोड त्याला. पहिला लांब, मग दोन. सोऽड त्याला. त्याच्या छातीच्या हाडाला ते आधी कळलं, मग डोक्याला. त्यानं पुन्हा ऐकलं, पडताळून बघितलं. सोऽड त्याला. प्रत्येक वेळी बसत होतं. तिचे दोन ठोके म्हणजे 'नाही', 'कसं'. अजून नाही म्हणत होती, पण दर वेळी तो उतार थोडा कमी होत होता. मग ती एक लांब वाक्य बोलली. ते एवढं लांब होतं की त्याला वाटलं, हे तिचं नाहीच. चढत गेलं, मधे थांबलं, चार ठोके वेगळे काढून ठेवल्यासारखे आले, दोन आणि दोन, जणू दुसऱ्याच कोणाचे शब्द तिनं उसने घेतले होते, आणि मग शेवट आला, हलका, जवळजवळ हसल्यासारखा. हे वाक्य त्याला कुठेच बसवता आलं नाही. प्रयोगशाळेत आलेख काढताना एखादा बिंदू रेषेपासून लांब पडतो, तेव्हा बाकीचे नऊ बिंदू रेषेवर असतील तर त्या दहाव्याला वाचनातली चूक म्हणून सोडून देतात. त्यानं ते वाक्य सोडून दिलं. त्यानंतर पलीकडे कोणी बोललं नाही. नुसती खोली होती, तळाची, एसीच्या घुमण्याखालची. ढब्बूला दोन माणसांचं गप्प बसणंसुद्धा ऐकू येत होतं.

त्यानं हेडफोन काढून ठेवले. कानांच्या पाळ्या गरम झाल्या होत्या. उठताना त्याला स्वतःच्या शांतपणाचं नवल वाटलं. आता तो जाऊन काय करणार होता हे त्यानं ठरवलं नव्हतं. फक्त एवढं माहीत होतं की बॅग भरून बसायचं. कोणी सांगायला येण्याआधी.

दाराला खांदा लावून तो आत गेला. मेव्हणा स्टुलावरून उठून पायडलच्या स्क्रूकडे अकारण बघू लागला. बायको भिंतीला टेकून उभी होती. बीटर अजून तिच्याच हातात होता, बोंडकाचा भाग मुठीत धरून.

"वायरी काढल्यास?" त्यानं विचारलं.

"आं? हो, जरा... पायात येत होत्या, दाजी. लावतो परत."

"काय मग," बायको म्हणाली, "ठरला का एकदाचा माइक? आपलं लग्न ठरायलासुद्धा एवढा वेळ लागला नव्हता."

"ठरला."

"कोणता?" मेव्हण्यानं विचारलं.

"हा." त्यानं ढब्बूच्या कड्यावर बोट टेकवलं. कोन हलका थरथरला.

मेव्हणा हसला. "हा तर स्पीकर आहे."

"उलटा जोडला की ऐकतो."

मेव्हण्याचं हसू चेहऱ्यावरच राहिलं, मागचा माणूस निघून गेल्यासारखं. त्याची नजर कोनावरून वायरीवर, वायरीवरून दाराच्या फटीकडे गेली. "आत्ता चालू होता?"

"सकाळपासून चालू आहे."

बायकोला कळायला थोडा वेळ लागला. तिनं आधी भावाकडे बघितलं, मग त्या काळ्या ताटाकडे, मग नवऱ्याकडे. "काय ऐकलंस?"

खरं उत्तर अगदी सोपं होतं. हूंऽ हू हू. पण खरं उत्तर दिलं असतं तर ती सावध झाली असती, तिनं उत्तर तयार केलं असतं. अशा वेळी हात लावायचा नसतो. लंबक आपोआप स्थिर होऊ द्यायचा, मग वाचायचं.

"सगळं," तो म्हणाला.

"सगळं?"

"सगळं."

"शेवटी मी म्हणाले तेही?"

"तेही."

ती त्याच्याकडे बघत राहिली. इतका वेळ कोणी त्याच्याकडे बघितलेलं त्याला आठवत नव्हतं. तिच्या चेहऱ्यावर काहीतरी उजळत होतं, किंवा उजळायची वाट बघत होतं. आणि त्याला वाटलं, आता येईल. आता ती स्वतःच्या तोंडानं म्हणेल, मी जातेय. त्यानं चेहरा कोरा ठेवला.

"मग?" ती म्हणाली. अगदी हळू विचारलं तिनं. "तुला काही म्हणायचं नाही?"

"मी काय म्हणणार? तुझं तू ठरवलंयस."

मेव्हणा काहीतरी बोलायला गेला. तिनं नुसता हात वर केला. मग खाली बघून मूठ उघडली, बीटर स्टुलावर ठेवला, हळूच, आवाज न करता. "बरं," ती म्हणाली. तिच्या आवाजाला पुन्हा खडूची धार आली होती. "टिकलीला शाळेतून मी घेते आज." आणि दार तिच्या एकटीच्यानं ढकललं जाईना म्हणून मेव्हणा धावला, पण तोवर तिनं ढकललं होतं.

ती गेल्यावर खोलीत खूप हवा आहे असं त्याला वाटलं. मेव्हणा दारापाशीच उभा होता, पाठ करून. वळला तेव्हा त्याचा चेहरा लाल झाला होता.

"दाजी, तुम्ही माणूस आहात की दगड?"

"काय झालं?"

"काय झालं? ऐकलंत ना सगळं? ऐकून असे उभे राहता?"

"तू तिला सांगत होतास मला सोड म्हणून. तुझ्यावर मी रागावलोही नाही."

"मी?" मेव्हणा दारापासून पुढे आला. "मी सोड म्हणालो? सांग त्याला, सांग त्याला म्हणून माझा घसा बसला! नोकरीचं सांग, त्यांना आजच्या आज कळवायचंय ते सांग, गेले दोन महिने तुझ्या मनात काय चाललंय ते सांग. ती म्हणे, मी सांगणार नाही, त्याला विचारू दे. मी म्हटलं, अगं त्याला नसेल सुचत, तू सांग त्याला..."

सांऽग त्याला. पहिला लांब, मग दोन. ते बसत होतं. अगदी तितकंच नीट बसत होतं.

"आणि शेवटी?" त्यानं विचारलं. हे त्यानं विचारलं. स्वतःचा आवाज त्याला परका वाटला. "शेवटी ती काय म्हणाली?"

"तुम्ही ऐकलंत ना?"

"काय म्हणाली?"

मेव्हणा त्याच्याकडे वेड्याकडे बघावं तसा बघत होता. "म्हणाली, त्यानं एकदा तोंडानं 'नको जाऊस' म्हणू दे, मी जाते का बघ. आणि हसली. आणि मग तुम्ही आलात, आणि म्हणालात की ऐकलं."

लिफ्ट खाली गेलेली होती. तो जिन्यानं गेला, कठड्याला धरून, मधल्या मजल्यावर कोणाच्या तरी उघड्या दारातून प्रेशर कुकरची वाफ आली, एक बाई "सावकाश हो" म्हणाली, आणि तो बाहेर आला तेव्हा उन्हानं त्याला क्षणभर काहीच दिसेना. दुपारचा रस्ता आवाजांनी गच्च होता, सगळे वरचे, टणक, हॉर्न, साखळ्या, पत्रे. मग ती दिसली. फुटपाथच्या कडेला एक टॅक्सी थांबली होती आणि ती आत बसत होती. तो पोचला आणि त्यानं दार धरलं, वरच्या काठाला. तिनं वर बघितलं. धापा टाकत आलेल्या माणसाकडे बघावं तसंच बघितलं, पण बघितलं.

वाक्य त्याला माहीत होतं. दोन शब्द, दोन आणि दोन ठोके. पण ते आता मेव्हण्याकडून आलं होतं. हे म्हटलं तर ते कॉपी करून दिलेलं उत्तर ठरेल, आणि तिला वाटत राहील की यानं सगळं ऐकलं होतं, आणि तरी समोर उभं राहून ते म्हणाला नाही, आणि आता भावानं ढकलला म्हणून आला. आधी वाचन दुरुस्त करायला हवं. चुकीच्या वाचनावर पुढचं काहीच रचता येत नाही.

"मला शब्द ऐकू आले नव्हते," तो म्हणाला.

तिच्या कपाळाला आठी पडली. "मग सगळं ऐकलं का म्हणालास?"

"तू काय म्हणतेस ते बघायला."

तिनं मान हलवली, लहान मुलाचं काही समजून घेतल्यासारखी. टॅक्सीवाला आरशातून बघत होता. "निघायचं ना, मॅडम?"

"एक मिनिट थांबा," ती त्याला म्हणाली. मग सीटवर थोडी पलीकडे सरकली आणि पुन्हा नवऱ्याकडे बघितलं. तिच्या आवाजात आता राग नव्हता, घाई नव्हती. दिवसभर अंधाऱ्या खोलीत ती ज्या आवाजात विचारते त्या आवाजात तिनं विचारलं, "आणि आता? आता काय म्हणायला आलास?"

त्यानं तोंड उघडलं. सगळं ओठांपर्यंत आलेलं होतं. फक्त त्याआधी एवढं एक तिला कळायला हवं होतं, म्हणजे तिचा विश्वास बसेल, म्हणजे पुढचं खरं वाटेल.

"त्याचा कोन जड असतो," तो म्हणाला. "म्हणून वरचे आवाज येतच नाहीत. सोड म्हटलं काय नि सांग म्हटलं काय, त्याला सारखंच. तू ऐकून बघ हवं तर. नुसता तळ येतो. म्हणजे माणूस काहीतरी बोलतोय हे कळतं, पण..."

ती ऐकत होती. त्यानं मधे थांबून श्वास घेतला तेव्हाही तिनं घाई केली नाही, आणखी काही येतंय का म्हणून थोडं थांबली. मग पुढे वाकून तिनं दाराच्या काठावरची त्याची बोटं एकेक करून सोडवली.

"हात काढ," ती म्हणाली. "बोटं दारात सापडतील."